पुढचा भाग लावायचा की नाही? : मालिका बघणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा आल्या. एक, 'सगळ्यांना आवडली, मग मला का नाही आवडली?' आणि दुसरी, 'आवडली, पण नीट दिसली नाही, ऐकू आली नाही.' दुसरीचं उत्तर बहुतेक वेळा सेटिंगमध्ये असतं. पहिलीचं उत्तर शोधताना आम्ही दर वेळी एकाच ठिकाणी येऊन पोचतो : मालिकेने बघणाऱ्याचा वेळ कसा वापरला? गोष्ट चांगली असते, नट चांगले असतात, तरी भाग रेंगाळतो, कारण त्या भागाला स्वतःचं असं काही कामच नेमून दिलेलं नसतं. ज्या उत्तरांत कथानक उघड होतं, तिथे सुरुवातीलाच तसं सांगितलं आहे.

प्रश्न : 'अ‍ॅडोलेसन्स'चं कौतुक ऐकून बघायला घेतली. पहिल्या भागाने खिळवून ठेवलं, चौथा मात्र लांबलेला वाटला. प्रत्येक भाग एकाच शॉटमध्ये आहे म्हणून लोक भारावलेत, की त्यापलीकडे काही आहे?

उत्तर : (कथानक उघड होतं.) एका शॉटची करामत आणि त्या करामतीचा उपयोग या दोन गोष्टी वेगळ्या करून बघा.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या या ब्रिटिश मालिकेचे भाग चारच. प्रत्येक भाग खरोखर सलग चित्रित केलेला आहे, मध्ये कुठे लपवलेला कट नाही. एकेका भागासाठी साधारण तीन आठवडे लागले : आधी नटांची तालीम, मग कॅमेऱ्यासकट तालीम आणि शेवटच्या आठवड्यात अख्खा भाग पुन्हा पुन्हा चित्रित करायचा. पहिल्या भागाचा आपण बघतो तो दुसरा टेक आहे, चौथ्याचा सोळावा. कॅमेरा हलका असल्यामुळे तो चालू असतानाच एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो. दुसऱ्या भागाच्या शेवटी तर तो ड्रोनला अडकवला जातो, घरांवरून उडतो आणि खाली उतरून आरोपी मुलाच्या वडिलांच्या चेहऱ्यापाशी थांबतो.

आता उपयोग. कट म्हणजे बघणाऱ्याला मिळालेली सुटका असते; तो काढून घेतला की पात्रांसोबत आपणही अडकतो. पहिल्या भागात पोलीस दार फोडून तेरा वर्षांच्या जेमीला शाळेतल्या मुलीच्या खुनाच्या संशयावरून उचलतात, गाडीत बसवतात, ठाण्यात आणतात, बोटांचे ठसे घेतात, वकिलाची वाट बघायला लावतात. एरवी दिग्दर्शक ही वाट बघणं कापून टाकतो. इथे ती कापता येत नाही, आणि त्या कोरड्या, नियमाने चाललेल्या कारवाईचाच धसका बसतो. रूप आणि आशय एकमेकांना इतके घट्ट धरतात तेव्हा करामत ही करामत राहत नाही.

तिसरा भाग आमच्या मते चारांत सर्वात सरस. एक खोली, एक टेबल, जेमी आणि मानसशास्त्रज्ञ ब्रायोनी. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, आपल्या सँडविचमधलं अर्धं देते. थोड्या वेळाने त्याचा आवाज चढतो, कप भिरकावला जातो. ती बाहेर येते, श्वास घेते, परत आत जाते. सगळं संपल्यावर, त्याला नेल्यानंतर, ते सँडविच टेबलावर तसंच असतं. तिचा हात त्याच्याकडे जातो आणि मागे येतो. एवढ्या एका हालचालीत त्या तासाभराचा ताण उमटतो. हा भाग पुन्हा बघाल तेव्हा संवादांपेक्षा सँडविच आणि कप यांच्यावर लक्ष ठेवा.

दुसरा भाग सर्वात कच्चा आहे. कॅमेऱ्याला सतत कुणाच्या तरी मागे चालावं लागतं, त्यामुळे शाळेत हवी ती माणसं हव्या त्या वळणावर भेटतात. इमोजींचा अर्थ तपास अधिकाऱ्याचा स्वतःचा मुलगा समजावून सांगतो. तो प्रसंग बाप-लेकाचा म्हणून चांगला आहे, पण माहिती देण्यासाठी रचलेला आहे हे लपत नाही.

चौथ्याबद्दल तुमची तक्रार समजते. तेरा महिने उलटून गेलेत, वडिलांचा पन्नासावा वाढदिवस आहे, त्यांच्या गाडीवर कुणीतरी शिवी रंगवली आहे. 'कुणी केलं?' हा प्रश्न पहिल्या भागाच्या शेवटीच मिटलेला असतो, आता उरतं ते उरलेल्या तिघांचं रोजचं जगणं. खटल्याची बातमी ऐकायला बसलेल्या माणसाला हा भाग लांबच वाटणार. तिसऱ्यानंतर लगेच न बघता दोन दिवसांनी बघा आणि गाडीतल्या प्रवासात बोलणाऱ्याकडे न बघता गप्प बसलेल्यांकडे बघा. तरीही लांब वाटला, तर ते तुमचं प्रामाणिक मत आहे. वाहवा चाललीय म्हणून ते बदलू नका.

प्रश्न : 'पंचायत'चा चौथा सीझन बघताना हसूच आलं नाही. माणसं तीच, गाव तेच. बिघडलं कुठे?

उत्तर : (चौथ्या सीझनचा शेवट उघड होतो.) भागांच्या रचनेत बिघडलं. २०२० मधल्या पहिल्या सीझनचे आठ भाग आठवून बघा. एकात भुताच्या झाडाची भानगड, एकात चाकांच्या खुर्चीसाठी अडून बसलेला नवरदेव, एकात चोरीला गेलेला मॉनिटर. दर भागात एक लहानशी अडचण उभी राहायची, वाढायची आणि त्याच भागात सुटायची. मोठी गोष्ट, म्हणजे शहरातून ग्रामपंचायतीत आलेल्या सचिवजींचं गावात रमणं, या लहान गोष्टींच्या आडून पुढे सरकायची. म्हणूनच दुसऱ्या सीझनच्या शेवटी उपप्रधान प्रल्हादवर कोसळलेलं दुःख इतकं लागलं. तोवर तो माणूस आपल्यासमोर नुसता बसून गप्पा मारत होता. त्याच्याकडून मालिकेने काही 'काम' करून घेतलं नव्हतं, म्हणून तो आपला झाला होता.

जून २०२५ मधल्या चौथ्या सीझनचेही भाग आठच, पण सगळ्यांत मिळून अडचण एकच : मंजू देवी विरुद्ध क्रांती देवी ही प्रधानपदाची निवडणूक. दुधी भोपळा आणि कुकर या चिन्हांवरून दोन-चार प्रसंग झकास जमलेत. पण एका गटाने चाल करायची, दुसऱ्याने तिला उत्तर द्यायचं, हे चक्र तिसऱ्या भागापर्यंत लक्षात येतं, आणि त्यानंतर पुढचा प्रसंग घडण्याआधीच आपल्याला ठाऊक असतो. विनोद अनपेक्षितावर चालतो, त्यामुळे हसू तिथेच मरतं. मंजू देवींचा पराभव दाखवला, याबद्दल मात्र लेखकांना दाद द्यायला हवी. लोकप्रिय पात्रांना हरवणं सोपं नसतं. ती हार चार-पाच भागांत मावली असती तर अधिक लागली असती.

प्रश्न : किती भाग बघून मालिका सोडावी? 'पाचव्या भागापासून पकड घेते' असं कुणी सांगितलं की सोडवतही नाही.

उत्तर : तासाभराचे भाग असतील तर दोन, अर्ध्या तासाचे असतील तर तीन. त्याआधी सोडू नका, कारण पहिल्या भागाचा बराच वेळ ओळख करून देण्यात जातो आणि मालिकेची खरी चाल दुसऱ्या भागात कळते.

दुसरा भाग संपल्यावर स्वतःला तीन गोष्टी विचारा. मुख्य पात्राला नेमकं काय हवं आहे, हे एका वाक्यात सांगता येतं का? भागाच्या सुरुवातीला जी परिस्थिती होती ती शेवटी बदलली का, की फक्त एक नवं कोडं टाकून भाग संपवला? आणि नावासकट किती पात्रं आठवतात? तीनपेक्षा कमी आठवत असतील तर दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नाही, लेखनाचा आहे.

पाचव्या भागाची शिफारस करणाऱ्याला एवढंच विचारा : आधीचे चार भाग नसते तर काय बिघडलं असतं? मंद मालिका आणि ताणलेली मालिका यांतला फरक इथे कळतो. मंद मालिकेत सुरुवातीच्या भागांतली बारीकशी गोष्ट पुढे मोठी होऊन परत येते. ताणलेल्या मालिकेत दोन तासांच्या चित्रपटाचा जीव आठ भागांत पसरलेला असतो. ती ओळखायची खूण म्हणजे मधले भाग : तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत पात्रं एकमेकांपासून माहिती लपवत राहतात, आणि लपवायला पटेल असं कारण नसतं. एका साध्या बोलण्याने सुटणारा गुंता चार भाग टिकला की मालिका खुशाल सोडा.

प्रश्न : संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पार्श्वसंगीत घर डोक्यावर घेतं. रिमोट हातातून सोडता येत नाही.

उत्तर : तुमच्या कानांची चूक नाही. स्ट्रीमिंगसाठी आवाजाचं मिश्रण करताना संवाद मुद्दाम खालच्या पातळीवर ठेवतात, म्हणजे स्फोट आणि संगीत यांना वर चढायला जागा राहते. शून्य म्हणजे ध्वनिमुद्रणात मावणारा कमाल आवाज धरला, तर नेटफ्लिक्सचा नियम संवादांची सरासरी पातळी उणे २७ डेसिबल आणि सर्वोच्च शिखर उणे २ असा आहे. म्हणजे बोलणं आणि सर्वात मोठा आवाज यांच्यात २५ डेसिबलपर्यंत फरक पडू शकतो. थिएटरमध्ये हा फरक आनंद देतो, टीव्हीच्या दोन बारीक स्पीकरवर त्याचा त्रास होतो. त्यात भर म्हणजे ५.१ (पाच स्पीकर आणि एक दणक्याच्या आवाजाचा) आवाजात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. तो स्पीकरच नसेल, तर टीव्ही सगळे आवाज दोन स्पीकरांत कोंबतो आणि बोलणं त्याखाली दबतं.

क्रमाने हे करा. भाग चालू असताना आवाज व सबटायटलच्या यादीत जा. भाषेपुढे '५.१' लिहिलेलं असेल आणि तुमच्याकडे साउंडबार किंवा वेगळे स्पीकर नसतील, तर त्याच भाषेचा साधा, स्टिरिओ पर्याय निवडा. बऱ्याच घरांत एवढ्यानेच काम होतं. न झाल्यास टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस', 'स्पीच' अशा नावाचा मोड किंवा आवाज समपातळीत ठेवणारा 'नाइट मोड' चालू करा. 'सराउंड' किंवा 'व्हर्च्युअल' असं लिहिलेलं सगळं बंद करा, कारण ते आवाज पसरवतं आणि शब्दांच्या कडा बोथट करतं. प्राइम व्हिडिओवर काही मालिकांना 'डायलॉग बूस्ट' असा वेगळा ऑडिओ पर्याय मिळतो, तोही वापरून बघा. साउंडबार असेल तर मधल्या (सेंटर) स्पीकरची पातळी स्वतंत्र वाढवता येते का ते तपासा. दोन-तीन पायऱ्या पुरतात, त्याहून वाढवली की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. टीव्ही भिंतीच्या कोनाड्यात असेल तर थोडा पुढे ओढा. त्याचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात.

प्रश्न : 'द पिट' बघावी का? डॉक्टरी शब्दांचा भडिमार आहे म्हणे.

उत्तर : (शेवटाकडचं कथानक थोडं उघड होतं.) बघाच. पहिल्या सीझनचे १५ भाग म्हणजे पिट्सबर्गमधल्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातली एकच पाळी, सकाळी सातपासून. एक भाग म्हणजे त्या पाळीतला एक तास. २०२५ च्या एमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा मान तिला मिळाला आणि नोआ वायली यांना मुख्य अभिनेत्याचा.

चार शब्द माहीत असले की भागतं. ट्रायज म्हणजे आधी कुणाला बघायचं ते ठरवणं. इंट्युबेट करणं म्हणजे श्वासनलिकेत नळी घालणं. अटेंडिंग म्हणजे अंतिम जबाबदारी असलेला ज्येष्ठ डॉक्टर आणि रेसिडेंट म्हणजे पदवीनंतर काम करत शिकणारा. बाकीचे शब्द कळले नाहीत तरी हरकत नाही. मधेच थांबवून अर्थ शोधत बसलात तर मालिकेची गतीच मोडेल. शब्दांऐवजी डॉक्टरांचे हात आणि नातेवाइकांचे चेहरे बघा.

या मालिकेत पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. यंत्रांचे आवाज, हाका, पडदे सरकवल्याची खरखर, बस्स. 'आता रडा' असं सांगणारं व्हायोलिन नसल्यामुळे एखादा मृत्यू घडून जातो आणि पुढच्या रुग्णाकडे धावताना तो आपल्या मनात मागून उतरतो. दोष सांगायचा तर एकाच दिवसात फार काही घडतं. सकाळपासून पुरेशी दमलेली माणसं असताना अखेरच्या टप्प्यात मोठा गोळीबार आणून मालिका स्वतःच्याच वास्तवपणावर ताण देते. काही रुग्ण तर एखादा सामाजिक मुद्दा हातात देण्यासाठीच आलेले आहेत, असं जाणवतं. तरीही बघाच, फक्त एका दिवसात दोनपेक्षा जास्त भाग बघू नका. सलग बघितल्यावर रुग्ण एकमेकांत मिसळतात आणि ज्यांच्यासाठी हळहळायचं ते लक्षात राहत नाहीत.

प्रश्न : रात्रीच्या प्रसंगांत पडद्यावर नुसते काळे ठोकळे दिसतात. टीव्ही बिघडलाय का?

उत्तर : 'गेम ऑफ थ्रोन्स'चा २०१९ मधला रात्रीच्या लढाईचा भाग आला तेव्हापासून ही तक्रार सगळीकडे ऐकू येते, आणि टीव्ही क्वचितच बिघडलेला असतो. चित्र इंटरनेटवरून पाठवताना दाबून लहान केलं जातं आणि सर्वात जास्त काटछाट अंधाऱ्या भागाची होते. नेहमीच्या ८ बिट चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. गडद छटांच्या वाट्याला त्यांतल्या थोड्याच येतात, म्हणून सावलीचा उतार सलग न दिसता पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. इंटरनेटचा वेग कमी पडला की या पट्ट्यांचे ठोकळे होतात.

आधी वेग बघा. नेटफ्लिक्स १०८०पीसाठी ५ एमबीपीएस आणि ४के साठी १५ एमबीपीएस सुचवतं. हा वेग राउटरजवळ मोजू नका, टीव्हीवरच मोजा. जमल्यास राउटरपासून टीव्हीला इंटरनेटची केबल जोडा. मग टीव्हीचा पिक्चर मोड 'व्हिविड'वरून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'वर आणा. वीज वाचवणारा इको मोड आणि खोलीतल्या प्रकाशाप्रमाणे पडदा मंद करणारा सेन्सर बंद करा, कारण अंधारात तेच पडदा आणखी विझवतात. त्याच फेरीत हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करा. एलजीवर तिला ट्रूमोशन म्हणतात, सोनीवर मोशनफ्लो. मालिका बहुतेक वेळा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होते. ही सोय मधल्या चौकटी स्वतः तयार करते आणि चांगली खर्चिक मालिकाही स्टुडिओतल्या नाटकासारखी दिसू लागते.

एवढं करूनही काळोखच दिसत असेल तर खोलीतला दिवा टीव्हीसमोरून काढून टीव्हीच्या मागे ठेवा. आणि हेही खरं की काही मालिका विनाकारण अंधारात चित्रित केलेल्या असतात. पात्राचे डोळे दिसत नसतील आणि ते न दिसण्याला गोष्टीत काही अर्थ नसेल, तर तो दिग्दर्शनाचा दोष आहे.

प्रश्न : सगळे भाग एकदम यावेत की आठवड्याला एक?

उत्तर : फेब्रुवारी २०१३ मध्ये 'हाउस ऑफ कार्ड्स'चे १३ भाग एका दिवशी आले आणि सवय पडली. पण 'अँडोर'च्या दुसऱ्या सीझनने २०२५ मध्ये जे केलं ते आम्हाला सर्वात पटलं : १२ भाग, दर आठवड्याला तीन, आणि प्रत्येक तिकडीत गोष्ट एक वर्ष पुढे. तीन भाग मिळून एक पुरा चित्रपट होतो आणि मग आठवडाभर तो मुरतो. वेळापत्रक गोष्टीच्या घडणीतून आलेलं आहे. याउलट 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा शेवटचा सीझन नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ मध्ये चार, तीन आणि एक असा तोडून आला. ही तोड सुट्ट्यांच्या तारखांना जुळते, गोष्टीला नाही.

सगळे भाग आलेले असतील तर वेळापत्रक स्वतः आखा. भाग मधेच तुटून संपतो म्हणून थांबवत नसेल, तर एक उपाय हमखास लागू पडतो : भागाच्या शेवटी थांबायचंच नाही, पुढच्या भागाची पहिली सहा-सात मिनिटं बघून थांबायचं. लटकवून ठेवलेला प्रसंग तेवढ्यात सुटतो आणि ओढ कमी होते.

प्रश्न : 'सेव्हरन्स'चा दुसरा सीझन लावला आणि काहीच आठवेना. पहिल्यापासून सगळं बघावं का?

उत्तर : गरज नाही. (पहिल्या सीझनचा शेवट उघड होतो.) पहिला सीझन फेब्रुवारी २०२२ चा, दुसरा जानेवारी २०२५ चा. मधे हॉलिवूडमधल्या २०२३ च्या संपांनीही वेळ खाल्ला. एवढ्या खंडानंतर कुणीही विसरेल.

पहिल्या सीझनचा पहिला भाग आणि मग आठवा-नववा, असे तीनच भाग बघा. पहिल्यात एकाच माणसाचं ऑफिसमधलं मन आणि बाहेरचं मन यांची वाटणी कळते. नवव्यात आतली माणसं बाहेरच्या जगात जागी होतात, तीही त्यांचा सहकारी डिलनने कळा दाबून धरल्या आहेत तेवढाच वेळ. हे नीट आठवत नसेल तर दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात ठेच लागते, कारण तो भाग पूर्णपणे आतल्या माणसांचा आहे. बाहेर त्या रात्री काय झालं ते दुसऱ्या भागात येतं.

सुरुवातीच्या 'मागील भागात' या उजळणीवर विसंबू नका. ती मागचं सगळं सांगत नाही, पुढच्या भागाला लागेल तेवढंच निवडून सांगते. त्यामुळे एखादा विसरलेला चेहरा तिथे दिसला की तो आज परत येणार हे आधीच कळतं. असं आधी कळायला नको असेल तर ती उजळणी गाळून पुढे जा.

प्रश्न : डब केलेली बघावी की सबटायटल लावून?

उत्तर : स्वयंपाक, इस्त्री करता करता बघायची असेल तर डब. पण काही मालिकांत भाषा हाच विषय असतो, तिथे डब घेऊ नका. २०२४ मधली 'शोगन' घ्या. दहा भागांतले बहुतेक संवाद जपानी आहेत. इंग्रज खलाशी उर्मट बोलतो, त्याची दुभाषी मारिको ते जपानीत अदबशीर करून सांगते. तिने काय गाळलं, काय मऊ केलं, हे बघण्यातच निम्मी मजा. डबमध्ये दोघं एकाच भाषेत बोलू लागतात आणि दुभाष्याचं काम निरर्थक होऊन बसतं.

सबटायटलही डोळे मिटून घेऊ नका. यादीत 'इंग्लिश' आणि 'इंग्लिश सीसी' असे दोन पर्याय दिसतात. सीसी हे ऐकू न येणाऱ्यांसाठी असतं, त्यात दार वाजल्याचीही नोंद असते. 'स्क्विड गेम'च्या पहिल्या सीझनला सीसीतला मजकूर इंग्रजी डबप्रमाणे होता आणि मूळ कोरियनपासून दूर गेला होता. साधा 'इंग्लिश' पर्याय त्याहून बरा होता. तरी नेटफ्लिक्सच्या इंग्रजी सबटायटलला दोन ओळी आणि ओळीला ४२ अक्षरं एवढीच जागा असते, त्यामुळे काही ना काही सांडतंच. त्याच मालिकेत अली हा स्थलांतरित कामगार सांग-वूला आधी 'साजांग-निम' म्हणतो, म्हणजे मालकाला म्हणावं तसं. सांग-वू त्याला 'ह्योंग' म्हणायला सांगतो, म्हणजे थोरला भाऊ. इंग्रजीत हे विरून जातं. मराठीत मात्र 'साहेब' म्हणणाऱ्याला 'दादा म्हण' असं कुणी सांगितलं तर काय घडलं ते आपल्याला लगेच कळतं. पुढे गोट्यांच्या खेळात हाच दादा काय करतो, ते या एका शब्दामुळे अधिक झोंबतं.

प्रश्न : दीडपट वेगाने बघितली तर चालेल का?

उत्तर : माहितीपटाला चालेल, नाट्यमालिकेला नाही. नट दोन वाक्यांमध्ये जो विराम घेतो तो पळवता येत नाही. दीडपट वेग केल्याशिवाय बघवत नसेल तर ती मालिका सोडायच्या लायकीची आहे.

प्रश्न : बघितलेल्या मालिकेवर मला लिहायचं असतं, पण 'अभिनय उत्तम, पटकथा कमकुवत' याच्या पुढे गाडी जात नाही.

उत्तर : कारण ती वाक्यं कोणत्याही मालिकेला चिकटवता येतात. लिहिताना प्रसंगाचा पत्ता द्या. 'पटकथा कमकुवत' ऐवजी 'सहाव्या भागात नायकाला गुन्हेगार कळतो, पण आठव्यापर्यंत तो कुणालाच सांगत नाही आणि न सांगण्याचं कारण मालिका देत नाही' असं लिहिलं की वाचणारा तुमच्याशी सहमत होऊ शकतो किंवा भांडू शकतो. दोन्ही चांगलं.

बघताना फक्त मिनिटं टिपा : भाग ३, मिनिट २२, इथे कंटाळा आला, भाग ५, मिनिट ४०, इथे डोळे भरले. भाग संपल्यावर दुसऱ्या कुणाचंही मत वाचण्याआधी तीन ओळी लिहून ठेवा, नाहीतर दोन तासांनी इतरांचे शब्द तुमचे होऊन जातात. मग टिपलेल्या जागी परत जाऊन नेमकं काय होतं ते बघा. कंटाळा आला तिथे अनेकदा तीच माहिती दुसऱ्यांदा सांगितली जात असते. पात्राचा राग आला, तर तो राग आणावा असं लेखकालाच हवं होतं का, हे तपासा. तसं असेल तर तुमची चिडचिड हे लेखकाचं यश आहे आणि तसंच लिहायला हवं.

तारे देऊ नका. चार तारे म्हणजे काय ते दोघांना दोन तऱ्हांनी कळतं. मालिका अर्धी सोडली असेल तर कितव्या भागाला सोडली ते सांगा. पहिल्या भागात कळतं त्याच्या पुढचं काही उघड करायचं असेल तर तसं स्पष्ट लिहून मगच करा.

प्रश्न : एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो आणि रात्रीचे दोन वाजतात. हे बंद कसं करायचं?

उत्तर : नेटफ्लिक्सचं खातं ब्राउझरमध्ये उघडा, आपली प्रोफाइल निवडा, 'प्लेबॅक सेटिंग्ज'मध्ये 'ऑटोप्ले नेक्स्ट एपिसोड'समोरची खूण काढा आणि सेव्ह करा. हे प्रत्येक प्रोफाइलसाठी वेगळं करावं लागतं. टीव्हीवर लगेच फरक दिसला नाही तर दुसऱ्या प्रोफाइलवर जाऊन परत आपल्या प्रोफाइलवर या, म्हणजे नवी सेटिंग लागू होते.